फुलपात्राचा तळ

सदाशिव पेठ, १८ जून २०२४

पूर्वा,

यापुढचा सगळा संपर्क लेखी असावा, असं तुझ्या वकिलांनी कळवलं आहे. म्हणून लेखी करते आहे. फोनवर तू मला बंद केलंच आहेस. बाणेर काही परदेश नाही, तरी पाकिटावर तिकीट चिकटवताना मला जरा चमत्कारिक वाटलं.

नोटीस काल दुपारी आली. मी बँकेत गेले होते. अण्णा दुकानात बसले होते, त्यांनीच सही करून घेतली. त्यांची सही आता कशी होते ते तुला माहीत आहे. कुरिअरवाल्याने दोनदा विचारलं म्हणे, आजोबा, हीच का तुमची सही? पाकीट त्यांच्याच नावाचं होतं. दुकान अजून त्यांच्या नावावर आहे हे तू विसरली असशील, असं मी धरून चालले आहे. आपल्या वडिलांना तू जाणूनबुजून नोटीस धाडशील, हे मला धरता येत नाही.

अण्णांना मी महापालिकेचा कागद आहे म्हणून सांगितलं. "एवढा जाड?" म्हणाले. मी म्हटलं, हल्ली सगळेच जाड पाठवतात.

नोटिशीत लिहिलंय की आपल्या दुकानात विकलं जाणारं फुलपात्र हे तुझ्या कंपनीच्या नोंदणीकृत डिझाइनची नक्कल आहे. पंधरा दिवसांत विक्री थांबवा, उरलेला माल आणि डाय आमच्या ताब्यात द्या. वर्णन छान केलं आहे. 'काठाची एक बाजू उतरती, तिच्या विरुद्ध अंगाला अंगठ्याएवढा खोलगट भाग, आणि कमरेपाशी तीन उथळ लाटा, यांमुळे निर्माण होणारं दृश्य सौंदर्य.'

मला तर कणीक आठवते. अण्णांचा हात हलायला लागला तेव्हा फुलपात्र तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मं पाणी सदऱ्यावर सांडायचं. प्लास्टिकचा नळीवाला पेला आणला, तर त्यांनी तो खिडकीत ठेवून दिला आणि दिवसभर पाणीच प्यायले नाहीत. मग एका सकाळी पोळ्या करता करता मी साध्या फुलपात्राला बाहेरून कणकेचा थर दिला आणि म्हटलं, अण्णा, घट्ट धरा बरं. ते हसले, पण धरलं. कणकेत बोटं उमटली. अंगठा खोल, बाकीची तीन उथळ. करंगळी त्यांची टेकतच नाही.

त्या ठशांवरून तू कॉम्प्युटरवर रेघ काढलीस. ती रेघ सुंदर होती, हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते. दत्तप्रसादने मार्केट यार्डामागच्या त्याच्या शेडमध्ये पत्रा दाबायची डाय केली. एवढीच त्या 'दृश्य सौंदर्या'ची हकिकत.

हे सगळं अभिनवने तुला न विचारता केलं असेल. कंपनी तुमची दोघांची असली तरी कागदपत्रं तो बघतो, असं तूच सांगितलं होतंस. ही एक शक्यता मी राखून ठेवली आहे. त्यावर उत्तर पाठव.

अण्णांच्या गोळ्या बदलल्या आहेत. बाकी ठीक.

ताई


सदाशिव पेठ, ११ जुलै २०२४

पूर्वा,

उत्तर आलं नाही. फुलपात्रं मी दुकानाच्या फळीवरून उतरवली. अण्णांनी विचारलं, संपली का? मी हो म्हटलं.

शेफाली नावाच्या वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे गेले होते. वयाने तुझ्याएवढ्याच. त्यांनी मला शाळेतल्या मुलीसारखं समजावलं, आणि मला त्याचा राग आला नाही. डिझाइनची नोंदणी म्हणजे नुसत्या दिसण्याची नोंदणी. वस्तू कशासाठी केली, कोणाच्या हातासाठी केली, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. डोळ्यांना जे दिसतं तेवढंच. दहा वर्षं तो आकार नोंदवणाऱ्याचा, पुढे पाच वर्षं वाढवून मिळतो. अट एकच, अर्ज करायच्या दिवशी तो आकार नवा हवा. त्याआधी जगापुढे आलेला नसावा.

तुझ्या अर्जाची तारीख ऑगस्ट २०२३ आहे. शेफालीने विचारलं, "ताई, त्याआधी हे फुलपात्र कोणी बघितलं होतं? घरच्यांशिवाय?"

मला हसू आलं, पूर्वा. त्यांना वाटलं, मला प्रश्न समजला नाही.

त्याच वर्षीची संक्रांत. आई गेल्यानंतरचं आपलं पहिलं हळदीकुंकू. आई दरवर्षी दुकानातलं एखादं भांडं वाण म्हणून द्यायची, म्हणून आपण ठरवलं की या वर्षी अण्णांचं फुलपात्र द्यायचं. दत्तप्रसादने डायवरची पहिली चाळीस काढून दिली. त्यांवर नाव घालायचं हा हट्ट तुझा होता. मी म्हणत होते, वाणावर कशाला नावं, लग्नातल्या आहेरासारखी. तू म्हणालीस, "ताई, आपण केलंय, तर आपलं नाव नको?" पण बाजूला घालू दिलं नाहीस, आकार बिघडतो म्हणालीस. म्हणून तळाला घातलं. 'रुपाली-पूर्वा, संक्रांत २०२३.' नाव घालणारा कुरकुरला होता की तळाला कोण वाचतं.

विमलाबाईंना आपण बोलावलं होतं, आठवतं? यजमान गेल्यापासून त्यांना कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. त्या दारातच उभ्या राहिल्या. तू हाताला धरून आत आणलंस आणि पहिलं वाण त्यांच्या हातात दिलंस. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला होता.

तर शेफाली म्हणतात, पुरे झालं. चाळीस घरांत गेलेली वस्तू नवी राहत नाही. कोलकात्याच्या डिझाइन-नोंदणी कार्यालयात अर्ज केला तर नोंदणी रद्द होऊ शकते. मला बरं वाटलेलं त्यांना दिसलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, "पण एक गोष्ट क्लिअर करते. आपण जिंकलो तरी डिझाइन तुमचं होत नाही. ते रद्द होतं, बस. मग ते कोणीही बनवू शकतं."

"कोणीही म्हणजे?"

"एनीवन, ताई. तुमच्या समोरचा दुकानदारसुद्धा."

म्हणजे तुझ्याकडून ते काढून घ्यायचं, तर मला ते रस्त्यावर ठेवून द्यावं लागेल. घरी येताना मी पेरूगेटापाशी उगाच एका भाजीच्या गाडीसमोर उभी राहिले. काय घ्यायचं होतं ते आठवेना.

वाण देणं म्हणजे जगापुढे मांडणं, हे तुझ्या ध्यानात आलं नसेल. माझ्याही आलं नसतं. तू नोटीस मागे घे. दोघींच्या नावाने काय करता येतं ते बसून बघू. तुझी कंपनी विकू दे मोठ्या दुकानांत, आपलं दुकान पेठेत विकेल. मला त्यात काही कमीपणा नाही. अर्ज करायची घाई मी करत नाही.

ताई


सदाशिव पेठ, २ ऑगस्ट २०२४

पूर्वा,

आज चित्रं पाहिली. नोंदणीला जोडलेली असतात ना, समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून, तशी. शेफालीने छापून आणली होती. सुरेख काढली आहेत. पांढऱ्या कागदावर आपलं फुलपात्र दागिन्यासारखं दिसतं.

डायला सुरुवातीला एक खोट होती. काठाच्या उतरत्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा ओरखडा यायचा. पहिल्या चाळिसांना तो आला, मग दत्तप्रसादने डाय घासून दुरुस्त केली. तुझ्या चित्रात तो ओरखडा आहे. म्हणजे ते फुलपात्र त्या चाळिसांतलं. आणि त्या चाळिसांतल्या प्रत्येकावर नाव होतं.

मी तळाचं चित्र हातात घेतलं. तळ कोरा आहे. पण नीट बघितलं तर मधोमध एक गोल डाग बाकीच्या स्टीलपेक्षा जास्त चकाकतो. बफिंगच्या चाकावर धरल्याशिवाय अशी चकाकी येत नाही. इतकी वर्षं भांड्यांत गेली माझी, तेवढं मला कळतं.

शेफाली तुझी बाजू घेऊन म्हणाल्या, चित्रात नाव-अक्षरं चालत नाहीत, काढावीच लागतात. असेल. पण कोरं फुलपात्र मागितलं असतंस तर दत्तप्रसादने चहा होईस्तोवर काढून दिलं असतं. फक्त ते मागायला तुला इकडे यावं लागलं असतं. कशाला हवंय, असं मी विचारलं असतं.

तुला घरी ठेवायला दिलेलं वाण होतं ना ते? तुझं स्वतःचं?

आजवर मी तुझ्या वतीने कारणं शोधत होते. अभिनव, वकील, कायदा माहीत नसणं. मी चांगली कारणं शोधते, दुकानात उधारीवाल्यांसाठी शोधते तशी. पण चाकावर फुलपात्र धरायला कोणीतरी ते घेऊन जावं लागतं. घेऊन जाताना तळ बघावा लागतो. तिथे माझं नाव आधी होतं, मग तुझं. तू दोन्ही पुसलीस.

अर्ज करते आहे. हे तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

रुपाली


सदाशिव पेठ, २९ जानेवारी २०२५

पूर्वा,

तुझ्या वकिलांना कागद मिळाले असतीलच. तरीही लिहिते आहे. का ते विचारू नकोस. या वर्षी हळदीकुंकू केलं नाही, आणि पेठेतल्या बायका रोज विचारतात.

पुरावा म्हणून नाव असलेलं फुलपात्र हवं होतं. मला वाटलं, चाळीस घरं आहेत, त्यात काय अवघड. पण दोन वर्षं तारेच्या घासणीने घासलेल्या तळावर काय उरणार? एकीकडे नुसतं 'रुपा' उरलं होतं. एकीकडे फुलपात्रात ओव्याचं रोप होतं, तळाला भोक पाडून, बरोबर तारखेवर. एकीने ते लेकीबरोबर अमेरिकेला धाडलं आहे, म्हणजे तुझ्या कंपनीच्या मालाआधी ते परदेशी पोचलं. सगळ्या जणी शपथपत्र द्यायला तयार होत्या. कोणी तुझ्याबद्दल वाईट बोललं नाही. "धाकटी ना? ती यायची नाही का आता?" एवढंच विचारलं.

शेवटी विमलाबाईंकडे गेले. त्यांनी कपाटातून काढलं. रुमालात गुंडाळलेलं, एकदाही न वापरलेलं. अक्षर न् अक्षर स्वच्छ. मी विचारलं, वापरलं कसं नाहीत?

"इतक्या वर्षांनी वाण मिळालं," म्हणाल्या. "त्यातनं पाणी काय प्यायचं?"

मी फुलपात्र परत रुमालात ठेवलं, तर त्यांनीच सावरून घेतलं. "पण परत आणून द्यायचं हं. तुमच्या कोर्टात राहिलंबिहिलं, चालायचं नाही."

मी म्हटलं, कोलकात्याला जाईल ते.

"घ्या. मी चार वर्षांत पर्वतीच्या पलीकडे गेले नाही, आणि माझं वाण निघालं कोलकात्याला."

शेफाली माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, देताना कोणी गुप्त ठेवायला सांगितलं होतं का? विमलाबाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. "गुप्त? तुमच्याकडे हळदीकुंकू गुप्त करतात होय? अहो, मी जिना उतरता उतरता तिघींना दाखवलं."

शेफालीने ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मी हसले. मग आठवलं की त्यांना कोणाच्या हातून मिळालं होतं. विमलाबाईंनाही तेव्हाच आठवलं असावं. रुमालाची घडी घालत म्हणाल्या, "तिनंच दिलं होतं गं मला."

रुपाली


सदाशिव पेठ, २० एप्रिल २०२५

पूर्वा,

तुझं उत्तर वाचलं. म्हणजे तुझ्या कंपनीचं. तू सही केली आहेस, तेव्हा तुझंच.

सदर हळदीकुंकू हा खासगी, घरगुती, धार्मिक समारंभ होता, त्याला जगापुढे मांडणं म्हणता येत नाही. ठीक. वकिलाने लिहायचं ते लिहिलं. वाटलेली फुलपात्रं हे कच्चे नमुने होते. हेही ठीक.

सातव्या परिच्छेदात मात्र लिहिलंय, 'अर्जदार या गृहिणी असून वडिलांच्या दुकानात मदत करतात. त्यांना आकारनिर्मितीचं कोणतंही शिक्षण वा जाण नाही.'

तुझ्या डिझाइनच्या कॉलेजात पहिल्या वर्षी घरातली एखादी वस्तू घेऊन या म्हणाले होते, तेव्हा काय न्यावं म्हणून तू रडवेली झाली होतीस. मी दुकानातला तुपाचा लामणदिवा काढून दिला आणि सांगितलं, याची साखळी जिथे अडकवली आहे तिथे बोट धर, म्हणजे तोल कळेल. घरी येऊन तू सांगितलंस की सर म्हणाले, हे कोणी शिकवलं? तू काय उत्तर दिलंस ते मी त्या दिवशी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं.

त्याच पाकिटात तडजोडीचा कागद होता. आमच्या दुकानाला फुलपात्र विकायची परवानगी, कायमची, वर तुमच्या कंपनीचे पेठेतले अधिकृत विक्रेते म्हणून पाटी. बदल्यात अर्ज मागे घ्यायचा आणि एक ओळ मान्य करायची. 'हा आकार पूर्वा यांनी स्वतंत्रपणे निर्माण केला.' अनिरुद्ध म्हणाला, "करून टाक सही, दुकान चालेल, आणि बहीणही राहील." तो माझा नवरा असून त्याला असं वाटतं, म्हणजे पुष्कळांना वाटेल.

मी कागद दोन दिवस गल्ल्यात ठेवला. खोटं सांगत नाही, पेन काढलं होतं. 'पूर्वा यांनी' इथवर मला काही अडचण नव्हती. स्वतंत्रपणे या शब्दापाशी अण्णा समोर पाणी पीत बसलेले दिसले. अंगठा खोलात, तीन बोटं लाटांवर, करंगळी बाहेर.

कागद सही न करता परत पाठवला आहे.

अण्णा विचारतात, पूर्वाचं काम फार वाढलंय का? मी हो म्हणते.

रुपाली


सदाशिव पेठ, २४ जानेवारी २०२६

पूर्वा,

निकाल तू वाचला असशील. डिझाइन अर्जाच्या तारखेआधीच प्रसिद्ध झालेलं होतं, म्हणून नोंदणी रद्द. विमलाबाईंचं वाक्य इंग्रजीत त्यात आलं आहे. जिन्यावरच्या तिघीही आहेत.

शेफालीने पेढे आणले. मी एक खाल्ला.

आठ दिवसांत तुळशीबागेच्या तोंडाशी आपलं फुलपात्र दिसलं. दुसऱ्याच कोणाचं, पातळ पत्र्याचं, लाटा तीनऐवजी चार. पुढच्या आठवड्यात प्लास्टिकचं आलं, गुलाबी. समोरच्या दुकानदारानेही लावलं, आणि मला बघून जरा ओशाळला. मी म्हटलं, लावा हो, आता ते कोणाचंच नाही. हे बोलायला मला जमलं. घरी येऊन मात्र भाजी करपली.

अण्णांना दुपारी घेऊन गेले होते, पायाला चालणं हवं म्हणून. त्यांनी गाडीवरचं गुलाबी फुलपात्र उचललं आणि बराच वेळ हातात फिरवलं. मला वाटलं आता विचारतील, काय सांगायचं ते मी जुळवायला लागले. ते म्हणाले, "बरं झालं. हात काय माझा एकट्याचाच हलतो?"

मग परत येताना, नागनाथपाराच्या अलीकडे, रस्त्याकडे बघत म्हणाले, "महापालिकेचा कागद मी वाचला होता, रुपाली. माझा हात हलतो. डोळे नाही हलत."

दीड वर्ष त्यांना ठाऊक होतं. रोज मला विचारत होते पूर्वाचं काम वाढलंय का, आणि रोज मी हो म्हणत होते, आणि ते मान डोलवत होते. मी त्यांना जपत होते की ते मला, हे आता कोणाला विचारू?

अण्णांचं मन मोठं आहे. माझं तेवढं नाही. कोणी म्हणालं की सगळ्यांच्या हाताला लागलं हे चांगलंच झालं, तर मी मान डोलवते. पण तू मागितलं असतंस, तर मी ते तुला एकटीला दिलं असतं, पूर्वा. अण्णांच्या बोटांसकट. 'तूच कर तुझ्या नावावर, तुझं सगळं पुढे आहे' असं म्हणून दिलं असतं, आणि गल्लीत सांगत फिरले असते की माझ्या बहिणीने केलंय. तुला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. माहीत असून तू मला विचारलं नाहीस. निकालात याबद्दल काही नाही, असायचं कारणही नाही.

विमलाबाईंचं फुलपात्र परत आलं. दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, त्यावर शिक्का. मी घासून पुसून नेऊन दिलं. त्यांनी तळ बघितला, नाव जागेवर आहे याची खात्री केली, आणि माठातलं पाणी त्यात ओतून माझ्यासमोर प्यायल्या. "ठेवून काय करायचंय," म्हणाल्या. "एवढं फिरून आलंय."

उद्या रथसप्तमी. हळदीकुंकू करते आहे. तुला बोलावलं आहे असं नाही, आणि येऊ नकोस असंही मी कोणाला सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र तुला तेव्हा लिहिली नव्हती. तळाचं चित्र मी दत्तप्रसादला दाखवलं होतं. कोणी केलं ते त्याने विचारलं नाही. एवढंच म्हणाला की नाव घासून काढलं की तिथला पत्रा पातळ होतो, दिसत नाही, पण दाब पडला की आधी तिथेच पोचा येतो.

तुझ्याकडचं ते फुलपात्र अजून असेल, तर सांभाळून वापर.

ताई